दावणीला शेवटी बांधलेली गाय : एका गाभण खिलारीचा हिवाळा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या घरी गेलो होतो तो म्हशीसाठी. दूधगंगेच्या काठचं, कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातलं गाव. म्हशीच्या सडाला सूज होती. औषध दिलं आणि हात धुवायला परड्यात गेलो. तिथं घरच्या वहिनी शेणी थापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? म्हशीचं शेण कसं लोण्यागत बसतंय बघा. आणि गाईचं थापलं की भेगाच पडतात. नुसत्या काड्या काड्या."

मी गाईचं शेण बोटांनी मोडून पाहिलं. घट्ट, एकावर एक वेटोळी बसलेलं, आत अर्ध्या बोटाएवढे पानांचे तंतू. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पानं जशी गिळली तशीच बाहेर आली होती. पोटातल्या जिवाणूंना वैरण कुजवायला प्रथिनं लागतात. चाऱ्यात ती सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं काम मंदावतं, चारा कोठ्यात तुंबतो आणि जनावर खाणंही कमी करतं. वहिनींनी रोजच्या कामातून जे ओळखलं होतं, ते मी आधीच ओळखायला हवं होतं. कारण ही गाय मला नवी नव्हती.

तिसऱ्या वेताची खिलार. गेल्या वर्षी जानेवारीत याच दावणीला ती व्यायच्या दहा दिवस आधी बसली ती उठेना. मी कॅल्शियमची बाटली शिरेतून दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, चौघांनी शेपटीला आणि खुब्याला आधार देऊन उभी केली. व्याली, पण खोंड लहानखुरं आणि मलूल निघालं. त्याला स्वतःहून उभं राहता आलं नाही, चीक बाटलीनं पाजावा लागला. तिसऱ्या दिवशी ते गेलं. खिलार गाय वासरू समोर नसलं की पान्हा सोडत नाही, त्यामुळे दूधही आटलं. त्याआधी ऑक्टोबरात मी त्या गोठ्यात येऊन गेलो होतो. तिचं गोल पोट बघून घरच्या आबांना मी म्हणालो होतो, "गाय झकास आहे तुमची." ते वाक्य मला अजून टोचतं. मी पोट बघितलं होतं, पाठ बघितली नव्हती.

वासरू अंगावर नसल्यानं ती लवकर माजावर आली आणि एप्रिलच्या मध्याला वळू दाखवला. खिलारीचे दिवस साधारण २८५ धरले तर जानेवारीचा चौथा आठवडा. म्हणजे मी शेण मोडून बघत होतो तेव्हा साडेसात महिने होऊन गेले होते आणि हातात जेमतेम पन्नास दिवस होते.

त्या दिवशी पाठ बघितली. खिलारीची कातडी मुळातच तंग, त्यामुळे शेवटच्या दोन बरगड्या दिसल्या म्हणून ती वाळली असं म्हणता येत नाही. हात ठेवायचा तो कमरेवर, कण्यापासून बाजूला निघालेल्या आडव्या हाडांवर. अंगठा दाबला की त्यांची टोकं मऊ गादीखाली लागली तर ठीक. इथं ती सुरीच्या पाठीसारखी लागली. खुबा आणि ढुंगणाचं हाड यांच्यामध्ये वाटी बसेल एवढा खळगा होता, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खड्डे होते. अंगावरचं मांस मोजायच्या १ (अगदी वाळलेली) ते ५ (फार लठ्ठ) च्या मापात मी तिला २ दिले. व्यायच्या वेळी ३ च्या आसपास असावी.

मग टेप लावला. छातीचा घेर ६० इंच, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ५६ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० केलं की किलोत अंदाज मिळतो. ३०५ किलो आलं, तेही पोटातल्या वासरासकट. हाडापेरानं ही गाय साडेतीनशेची. गाभण गाईचं पोट फसवतं ते असं. गर्भ, पाणी आणि कोंडलेली वैरण यांनी पोट तट्ट दिसतं आणि पाठीवरचं मांस रोज थोडं थोडं झिजत जातं.

आता प्रश्न असा, की घरात वैरण नव्हती का? होती, भरपूर होती. नोव्हेंबरपासून कारखाने सुरू, गावाच्या चारी बाजूंना तोड चालू, वाढ्याच्या मोळ्या दारात पडलेल्या. आमच्या पट्ट्यात हिवाळ्याइतका हिरवा ऋतू दुसरा नाही. परड्यात भुईमुगाचा वेल रचलेला होता, तो शेळ्यांसाठी. शेंगदाणा पेंडीचं पोतं होतं, ते म्हशीसाठी, कारण म्हशीचं दूध डेअरीला जातं आणि आठवड्याला पैसे येतात. कडबा होता, तो बैलांसाठी, कारण बैल उसाच्या गाडीला जुंपलेले. गाईच्या वाट्याला उरलं ते वाढं. दावणीला बांधायचा क्रमही तसाच होता. आधी बैल, मग म्हैस, मग रेडी आणि भिंतीकडेला गाय. घमेलं तिच्यापर्यंत येईतो रिकामं.

घरात तिला काय म्हणायचे ते ऐकून मला सगळं उमगलं. "ती भाकड व्हय? तिला काय, वाढं टाकलंय की." वर्षभर दूध नाही म्हणून ती भाकड. पोटात साडेसात महिन्यांचं वासरू, पण दावणीच्या हिशेबात ती भाकडच राहिली होती. गाभण जनावराला हा शब्द लावला की त्याची पेंड बंद होते, हे मी किती तरी घरांत पाहिलं आहे.

वाढ्याबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण निपाणीपासून अथणीपर्यंत हाच गोंधळ आहे. वाढं वाईट नाही. गोड असतं, जनावर आवडीनं खातं, पोट भरतं. पण २५ किलो ओल्या वाढ्यात कोरडा भाग जेमतेम ७ किलो आणि त्यात प्रथिनं ५ टक्के धरली तर साडेतीनशे ग्रॅम. या गाईला शेवटच्या तिमाहीत सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास हवीत. जवळजवळ निम्मी तूट, आणि ती नेमकी अशा वेळी, जेव्हा वासराचं दोन तृतीयांश वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. वासरू आपला वाटा आधी घेतं. आईला कमी पडलं तर तिच्या पाठीवरचं मांस उतरतं.

दुसरी गोष्ट ऑक्झलेटची. वाढ्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते शेणावाटे निघून जातं. हळूहळू सवय लावली तर पोटातले जिवाणू बरंचसं ऑक्झलेट फोडायला शिकतात. पण तोड सुरू झाली की आपण एका दिवसात कडब्यावरून वाढ्यावर येतो आणि मग तीन महिने दुसरं काही घालत नाही. गेल्या वर्षी ही गाय का बसली याचं एकच कारण सांगता येणार नाही. पण कॅल्शियमनं ती उठली, आणि त्याआधी दोन महिने ती वाढ्याशिवाय दुसरं काही खात नव्हती, हे दोन्ही माझ्या वहीत आहे.

अमेरिका-कॅनडात मांसासाठी गाई पाळणारे लोक याच काळात हेच काम करतात. त्यांची गाय दूध विकायला नसते, वर्षाला एक धडधाकट वासरू ही तिची कमाई. आमच्या खिलारीचंही तेच आहे. त्यांचं माप १ ते ९ चं, व्यायच्या वेळी ५ ते ६ हवी. हिवाळा लागायच्या आधी ते कळपातल्या वाळलेल्या गाई बाजूला काढून वेगळं खायला घालतात. कारण एकत्र टाकलं की दांडग्या गाई खातात आणि ज्यांना हवं त्या मागे राहतात. त्यांचा हिवाळा बर्फाचा आणि साठवलेल्या गवताचा, आपला हिरव्या वाढ्याचा. पण गोठ्यातला क्रम दोन्हीकडे सारखाच आडवा येतो.

थंडीचा विचारही तिथूनच घेण्यासारखा आहे. तिकडची दाट केसांची गाय अंग कोरडं असेल तर उणे ७-८ अंशांपर्यंत जादा खाण्याशिवाय तग धरते. तेच अंग भिजलेलं असलं की १५ अंशांनाच तिला ऊब धरायला जादा खाद्य लागतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा त्याच्या आसपास किंवा खाली येतो आणि खिलारीचे केस तर अगदी आखूड. ही गाय भिंतीकडेला, मुताची नाळ जिथं संपते तिथं, ओल्या फरशीवर बसत होती. रात्रभर पोट आणि कास गार दगडावर. जे थोडंफार खाल्लं जात होतं त्यातलं काही अंग तापवण्यातच जात होतं.

मी आबांना म्हटलं, तिला पेंड सुरू करू. आबा सत्तरीचे, उभं आयुष्य खिलारी सांभाळलेले, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैलजोडी घेऊन जाणारे. ते तडक म्हणाले, "नको डॉक्टर. शेवटाला पेंड घातली की वासरू पोटात मोठं हुतंय आणि अडतंय. माझ्या बानं कधी घातली न्हाई."

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. फार चरबी चढलेली गाय व्यायला अडते, हे खरंच आहे. आडवी हाडं बोटाला लागतच नाहीत एवढी गाय माजवू नये. पण वासराचा आकार मुख्यतः वळू आणि जात ठरवतात. आईला उपाशी ठेवून वासरू थोडं हलकं होतं खरं, त्याबदल्यात आईच्या कळांतला जोर जातो, चीक पातळ आणि कमी उतरतो, वासराच्या अंगात थंडी काढायची शिल्लक राहत नाही. मी एवढंच विचारलं, "आबा, गेल्या वर्षी पेंड घातली नव्हती. वासरू लहान होतं. मग?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग गाईजवळ गेले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "हाडं लागत्यात." त्यानंतर वाद झाला नाही.

नवीन काही विकत आणायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं. घरात आहे तेच वाटून द्यायचं. वाढं २५ वरून १४-१५ किलोवर आणलं, तेही कडबाकुट्टीतून काढून. अख्खं टाकलं की ती मधला गोड भाग चघळते आणि पानं पायाखाली जातात. शेळ्यांच्या वेलातला अडीच किलो वेल गाईला, कारण भुईमुगाच्या वाळल्या वेलात वाढ्याच्या जवळपास दुप्पट प्रथिनं असतात. शेंगदाणा पेंड अर्धा किलो, पण पहिले चार दिवस मूठभर आणि दहा दिवसांत अर्ध्या किलोपर्यंत. मक्याचा भरडा अर्धा किलो, तोही तसाच चढवत. कडबा संध्याकाळी दोन पेंढ्या सोडून बाकी बैलांचाच राहिला. हे सगळं मांडलं तर कोरडा भाग सात किलोच्या पुढे आणि प्रथिनं साडेसहाशे ग्रॅमच्या जवळ जातात. बांधावरच्या शेवरीचा पाला वहिनी जमेल तसा आणायच्या. त्यातून जीवनसत्त्व 'अ' मिळतं आणि वासराच्या डोळ्यांसाठी आणि बळासाठी ते लागतं.

खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम आणि मीठ चिमूटभर जास्त. मिश्रणाची पिशवी घरात पडून होती, चार महिने न फोडलेली. त्यावरचं सगळं कानडीत आणि आबा-वहिनींना वाचता येतं ते मराठी. कानडी शाळेत सातवीत शिकणारी नात आली, तिनं पिशवी हातात धरून मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. मग तिनंच चुलीतल्या कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर लिहिलं : गाय – दोन मोठे चमचे. ती ओळ अजून आहे.

चुन्याच्या निवळीबद्दल आमच्याकडे फार विश्वास आहे. रात्री चुना भिजवून सकाळी वरचं नितळ पाणी वाढ्याच्या कुट्टीवर शिंपडायचं, हे आबांनी स्वतःच सुचवलं. करू द्या म्हटलं. मात्र पाण्यात चुना फार थोडा विरघळतो, त्यामुळे निवळीवर सगळा भार टाकू नये, खरा आधार खनिज मिश्रणाचा. आणि दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला किंवा मोठ्या म्हशीला व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे कॅल्शियम सढळ हातानं घालू नये. शरीर हाडातून कॅल्शियम काढायची सवय विसरतं आणि व्याल्यावर दूधताप येतो, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून जनावर बसतं. खिलारीचं दूध थोडं, तिला तो धोका कमी. दुसऱ्या जनावराला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

सगळ्यात मोठा बदल फुकटचा होता. गाईला भिंतीकडून हलवून दावणीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ बांधली, म्हणजे घमेलं आधी तिच्याकडे येतं. म्हशीपासून दोन हातांचं अंतर ठेवलं. खाली उसाचं पाचट अंथरलं. शेतात पेटवून देतात ते पाचट वीतभर जाडीनं टाकलं की रात्रभर कोरडं राहतं. आठवड्याला काढायचं, तेच उकिरड्यात खत. उत्तरेकडच्या उघड्या बाजूला गोणपाटं शिवून पडदा केला. पाणी पहाटे हौदातलं गार न पाजता दुपारी उन्हं चढल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पोटभर. एवढा तंतुमय चारा आणि पाणी कमी, याचं पुढचं पाऊल म्हणजे कोठा बांधणं, वैरण आत घट्ट अडकणं. शेण तपासलं, जंताची अंडी फारशी नव्हती, म्हणून औषध दिलं नाही.

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "आता भेगा पडंनात." शेण सैल झालं होतं आणि तंतू बारीक झाले होते. पाठीत काही फरक नव्हता, इतक्यात दिसतही नाही.

डिसेंबरच्या शेवटी मात्र एक आठवडा गेला. तोडीची टोळी आमच्या शिवारात आली, घरातली सगळी माणसं भरणीत. त्या सहा-सात दिवसांत गाईला कोणी पेंड भिजवली नाही, वाढ्याच्या मोळ्या तशाच ढिगात पडल्या. तिसऱ्या दिवशी ढीग आतून गरम झालेला, पांढरी बुरशी धरलेला. वहिनींनी ते उचलून उकिरड्यावर टाकलं, हे फार बरं झालं. बुरशीचं वाढं गाभण गाईला घालण्यापेक्षा एक दिवस निव्वळ कडब्यावर ठेवणं परवडतं. पण तो आठवडा भरून निघाला नाही. शेवटच्या महिन्यात वासरू कोठ्याची जागा दाबतं, गाय एका वेळी थोडंच खाते. सुटलेलं पुन्हा भरून काढायला पोटात जागाच नसते.

२० जानेवारीला पुन्हा टेप लावला. घेर ६२ इंच, अंदाज ३२६ किलो. त्यातलं बरंचसं वासराचं. पाठीला मी अडीच दिले. आडव्या हाडांची टोकं अजून लागत होती, पण धार गेली होती. खुब्यामागची वाटी उथळ झाली होती. ३ आले नाहीत आणि पन्नास दिवसांत ते येणारही नव्हते. हे काम दसऱ्याला सुरू झालं असतं तर आलं असतं.

२३ तारखेला पहाटे साडेचारला ती व्याली. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. आबांनी हात लावला नव्हता, फक्त कंदील धरून बसले होते. कालवड. पाऊण तासाच्या आत चारही पायांवर. भुसाराच्या काट्यावर आबा आधी एकटे उभे राहिले, मग तिला घेऊन : २१ किलो. खोंड होईल अशी घरात आशा होती, त्यामुळे थोडा हिरमोड झाला, पण कालवड धडपडत कासेकडे जाताना सगळ्यांनी पाहिली आणि कोणी काही बोललं नाही.

मी एकच गोष्ट हट्टानं केली. वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, अशी रीत आमच्याकडे घरोघर आहे. वार पडायला सहा-आठ तासही लागतात. तेवढ्या वेळात वासराच्या आतड्याची चीक शोषून घ्यायची ताकद उतरत जाते आणि ती पुन्हा येत नाही. पहिल्या दोन तासांत तिला दोन लिटरच्या आसपास पाजलं. खरवसाला त्या दिवशी चीक काढायचा नाही, असं वहिनींनीच शेजारणींना सांगितलं. वार नऊच्या सुमाराला पडली.

आज एप्रिल संपत आला. कालवड दाव्याला ओढ देते, अंगावर चमक आहे. गाय मात्र अजून माजावर आलेली नाही. नव्वद दिवस झाले. तपासलं तर गर्भाशय जागेवर आलं आहे, अंडाशय लहान आहेत. अडीचवर व्यालेल्या आणि वासरू पाजणाऱ्या गाईकडून हे अपेक्षितच होतं. व्याली तेव्हाची पाठ पुढच्या गाभणपणाची तारीख ठरवते. इंजेक्शन देऊन माजावर आणण्याची घाई मी केलेली नाही. अर्धा किलो पेंड आणि भिंतीवरचे दोन चमचे चालू ठेवायला सांगितलं आहे. वाढं संपलं, आता कडबा आणि विहिरीकाठचं थोडं हत्ती गवत. कर्नाटकी बेंदराच्या आधी पुन्हा पाठ बघायला जाणार आहे. त्याच दिवशी म्हशीचीही बघा, असा आबांचा निरोप आहे. तिला सहावा लागला आहे.